डावा कान

नंदुरबारला गावाबाहेरच्या पथारीवर मिरची वाळते
तेव्हा रडायला कारण लागत नाही.
सगळ्याच रडतात. शेठसुद्धा नाकाला रुमाल लावून
काट्यापाशी उभा राहतो आणि डोळे पुसतो.
म्हणून मी हे काम धरलं.

पोत्यांची नोंद माझ्याकडे.
मार्का, वजन, घट, हमाली.
ओली मिरची वाळून किती उरते ते तोंडपाठ झालंय,
चार पोत्यांचं एक.
बाकीची तीन कुठं गेली
असं वहीत कुणी विचारत नाही.

शिरपूरचं घर. बाहेरून लागणारी कडी.

एवढं लिहायला मला दोन हंगाम लागले.
आधी नुसतं 'कडी' लिहिलं, हमालीच्या पावतीमागं,
आणि पावती कमरेला खोचली.
संध्याकाळी बघते तर घामानं शाई फुटलेली,
अर्धा शब्द कातडीवर उमटलेला, उलटा.
न्हाताना घासून काढला.
दुसऱ्या दिवशी परत लिहिला.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या,
पडदा फाटलाय, उशीर केलात.
कशानं झालं, विचारलं,
आणि मी सांगितलं तेच त्यांनी केसपेपरवर घातलं:
पडून.
माझी पहिली ओळ ती.
खोटी, आणि दुसऱ्याच्या अक्षरात.

मग शाळेतल्या मराठीत लिहून पाहिलं.
'मला मारहाण झाली.'
झाली. जसं लग्न झालं, जेवण झालं,
जसा यंदा पाऊस बरा झाला.
वाक्यात मी होते, मार होता,
आणि करणाऱ्याच्या जागी कुणीच नव्हतं,
झाडलेल्या अंगणासारखी ती जागा स्वच्छ.
तीन पावत्या भरल्या तसल्या. वाचताना वाटायचं
पोलीस ठाण्यातला कारकून बोलतोय माझ्या तोंडून.

एका रात्री लाइट गेलेली.
उजव्या कुशीवर निजले होते, चांगला कान उशीत दाबून,
म्हणजे जग बंद. तसंच निजते मी.
तर त्या मेलेल्या बाजूनं,
जिथून नऊ वर्षं काही आलं नाही,
माय बोलते तसं आलं:
त्यानी माले मारं.

चारच शब्द. त्यातला पहिलाच तो.
उठून अंधारात लिहिलं, चाचपत,
एकावर एक ओळी पडल्या, सकाळी लागेचनात.
पण लिहिलंय हे हाताला माहीत होतं.

बरं वाटलं का? नाही सांगता येत.
मिरचीचा हात कितीही धुतला तरी
रात्री चुकून डोळ्याला लागतोच.
फक्त आता लागला की कळतं, मिरची आहे.
डावीकडून कुणी आलं तर अजून दचकते.
एकदा पावत्यांचा गठ्ठा काट्यावर ठेवून पाहिला.
काटा हलला नाही.
मुनीम हसला, म्हणे, ताई, कागदाचं कुठं वजन असतं.

गिंबीबाई पाडवी देठं खुडते माझ्या शेजारी,
बोटांना तेल चोळून.
ती नेहमी उजवीकडं बसते. का, ते कधी बोललो नाही.
काल तिला वाचून दाखवलं, सगळं, कडीपासून.
ती खुडत राहिली. डोळ्यांतून पाणी,
पण ते तर सकाळपासूनच होतं.
मोठा वेळ गेला.
मग म्हणाली,
"आते गंज लागना व्हई वं त्या कडीले."

मला हे सुचलं नव्हतं.
माझ्या कागदावर ती कडी
रोज तेल दिल्यासारखी चकचकीत राहिली होती.
ओळ उतरवून घेतली, पुढं तिचं नाव घातलं,
जसं पोत्यापुढं घालते.

तेवढ्यात गाडी लागली.
उठले, पोती मोजली. सतरा.
परत मोजली.
सतराच.